झाकणाच्या आतील बाजूस

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोनच तारखा नोंदवतो: यंत्र सुरू केव्हा झाले आणि बंद केव्हा पडले. मधल्या काळात त्याची निगा कोणी राखली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत क्वचितच येतो. ट्रॉम्ब्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. १९६० मध्ये सुरू झालेली ‘सायरस’ १९९७ मध्ये व्यापक नूतनीकरणासाठी थांबवली गेली आणि काही वर्षांनी पुन्हा चालू होऊन ३१ डिसेंबर २०१० पर्यंत राबली, हे मात्र फार थोड्यांना. त्याच ट्रॉम्ब्यात नोकरी केलेल्या माझ्या वडिलांच्या मनगटावरील एका लहान यंत्राविषयी येथे लिहायचे आहे. प्रश्न तोच आहे.

ते घड्याळ एचएमटीचे ‘जनता’. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचा कारखाना उभारला. तोवर मुंबईच्या बाजारात वेस्ट एंड, फाव्र-ल्यूबा अशा स्विस नावांचा दबदबा होता. ‘जनता’ या नावातच तो काळ सामावला आहे. चैनीची वस्तू सामान्य नोकरदाराच्या हाती यावी, ही त्यामागची आकांक्षा. ट्रॉम्ब्याच्या संस्थेला भाभांचे नाव मिळाले त्याच वर्षी, १९६७ मध्ये, वडिलांनी ते घेतले.

रोज सकाळी ते किल्ली देत. सतरा खड्यांच्या या यंत्राचे तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे सेकंदाला ५, वर्षाला पावणेसोळा कोटींहून अधिक. खडे म्हणजे कृत्रिम माणके. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, म्हणून घर्षण कमी होते. तरीही खडा आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब लागतोच. हे तेल काही वर्षांत घट्ट होते, पसरते किंवा सुकते. म्हणून दर तीन ते पाच वर्षांनी घड्याळ पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल घालण्याचा परिपाठ होता. आधुनिक तेलांमुळे हा अवधी आता लांबला आहे. फसवी गोष्ट अशी की तेल सुकले तरी घड्याळ चालतच राहते, आणि चालता चालता स्वतःला झिजवते.

वडिलांच्या पश्चात ते कपाटात पडून होते. गेल्या वर्षी चेंबूरच्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. मागचे झाकण उघडून त्यांनी आतली बाजू भिंगाखाली धरली. तेथे सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या: तारखा, आद्याक्षरे, न उलगडणारे आकडे. दुरुस्तीनंतर आपली खूण अशी आत ठेवण्याची रीत कारागिरांमध्ये जगभर आढळते. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव आणि तिथी नोंदवतो, त्याची आठवण झाली. ती पुष्पिका वाचकासाठी असते, ही खूण पुढच्या कारागिरासाठी. १९७१ ते १९८९ या काळातल्या पाच नोंदी वाचता आल्या. त्यानंतर एकही नाही.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि सेल बदलणे म्हणजेच देखभाल, अशी सवय जडत गेली. वडिलांच्या नेहमीच्या घड्याळजींची टपरी उठली. घड्याळ चालत होते, म्हणून आम्ही कोणीच ते उघडले नाही. रोज किल्ली देण्याची निष्ठा वडिलांनी अखेरपर्यंत पाळली. तेलाची आठवण कोणालाच राहिली नाही. खाडीकाठच्या दमट हवेने उरलेले काम केले.

आसाची टोके झिजली होती. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा नवा सुटा भाग कारखान्यातून येणे नाही. घड्याळजींनी एका निकामी ‘जनता’तले तोलचक्र काढून बसवले. तबकडी नवी रंगवून देऊ का, असेही विचारले. मुंबईत अशी रंगवलेली जुनी घड्याळे पुष्कळ विकली जातात. मी नको म्हटले.

शेवटी त्यांनी १९८९ च्या खुणेखाली त्या दिवसाची तारीख कोरली. “पाच वर्षांनी आणा,” ते म्हणाले, “मी नसलो तर दुसरा कोणी शोधा.” तो जो कोणी असेल, त्याला या दोन तारखांमधले अंतर वाचता येईल.