वांटणीचा कायदा आणि एका विद्यार्थ्याचें संशोधन

कायदा वाईट म्हणून दारिद्र्य येतें, कीं दारिद्र्य आहे म्हणून कायदा वाईट दिसतो? प्रश्न ऐकावयास साधा आहे. परंतु मुंबई इलाख्याच्या शेतीच्या इतिहासांत त्यावर निदान तीस वर्षें वाद झाला, आणि त्या वादांतील सर्वांत मार्मिक निबंध अशा एका तरुणानें लिहिला कीं, ज्याचें स्वतःचें शिक्षण त्या वेळीं अर्धवट राहिलेलें होतें. निबंध १९१८ सालचा. विषय शेतजमिनीच्या तुकड्यांचा.

हे तुकडे कसे पडतात हें शहरांत राहणाऱ्यांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. एखाद्या कुणब्याची बारा एकर जमीन आहे आणि त्याला चार मुलगे आहेत, असें धरलें, तर बापाच्या पश्चात् प्रत्येकाला तीन एकर मिळावे, हा सरळ हिशेब झाला. परंतु गांवांत हिशेब इतका सरळ नसतो. बारा एकरांपैकीं कांहीं काळी जमीन ओढ्याकांठीं असते, कांहीं मुरमाड माळावर असते, आणि कांहीं विहिरीच्या पाण्याखालीं असते. एकट्याच्याच वांट्याला सारी काळी व दुसऱ्याच्या वांट्याला सारा मुरूम जाऊं नये, म्हणून भाऊ तिन्ही शेतांचे प्रत्येकीं चार भाग पाडतात. तीन शेतांचे असे बारा तुकडे होतात. बांध वाढतात, आऊत एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर न्यावें लागतें, आणि बांध कोरल्याच्या तक्रारी कचेरींत जातात. पुढच्या पिढींत हाच प्रकार पुन्हां होतो. त्यांत अन्यायाची बुद्धि कोणाचीच नसते. उलट भावाभावांत अन्याय होऊं नये, ह्या कळकळींतूनच शेताच्या चिंध्या होतात.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. दक्षिणेंतील एका खेड्याचा इतका बारकाईनें केलेला अभ्यास तोंपर्यंत दुसरा झाला नव्हता. जुन्या दप्तरांवरून त्यांनीं असें दाखविलें कीं, १७७१ सालीं त्या गांवीं एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती. पेशवाई संपली त्या १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली. आणि १९१५ सालीं ती अवघी सात एकर राहिली. शेंकडा साठ खातीं पांच एकरांच्या आंतलीं होतीं. पुढें १९२८ सालीं शेतकीविषयक रॉयल कमिशननें आपल्या अहवालांत रत्नागिरी जिल्ह्यांतील तुकड्यांचा दाखला दिला, तो तर पाव गुंठ्याचा, म्हणजे सव्वातीस चौरस यार्डांचा होता. तेवढ्या जागेंत बैलजोडी वळणें कठीण.

आंकडे असे बोलके असल्यावर दोष कोणाचा, हें ठरावयास वेळ लागला नाहीं. हिंदूंच्या दायभागाप्रमाणें सर्व मुलगे वडिलार्जित जमिनींत वांटेकरी होतात. मुसलमानांच्या कायद्यांतही मिळकत वारसांत विभागली जाते. तेव्हां वारशाचा कायदाच मुळाशीं आहे, तो बदलावा, असा विचार अधिकारीवर्गांत बळावला. इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर कीटिंग हे त्यांतील प्रमुख होते. १९१२ सालीं त्यांनीं मुंबई इलाख्याच्या दख्खन भागांतील ग्रामीण अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिलें होतें, आणि पुढें त्यांनीं एका कायद्याचा मसुदाही तयार केला. त्याचा रोख असा कीं, ज्याची इच्छा असेल त्यानें आपली जमीन किफायतशीर म्हणून नोंदवून घ्यावी. एकदां नोंदली गेली कीं तिची वांटणी बंद, आणि पुढें ती एकाच वारसाकडे जावयाची. बडोदें संस्थाननेंही विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याच्या प्रश्नावर एक समिति नेमली होती. तिचा अहवाल १९१७ चा. सर्व मिळकत वडील मुलाकडे जाण्याची जी चाल इंग्लंडांत शतकानुशतकें होती, तिची छाया या विचारांवर पडलेली दिसते. मौज अशी कीं, मृत्युपत्र नसल्यास स्थावर मिळकत थोरल्या मुलाकडे जावी हा नियम खुद्द इंग्लंडनेंच १९२५ च्या कायद्यानें मोडीत काढला.

ह्या वेळीं भीमराव आंबेडकर सत्तावीस वर्षांचे होते. १९१३ ते १९१६ ह्या काळांत ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत होते. तेथून ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्र व कायदा या दोहोंच्या अभ्यासास त्यांनीं आरंभ केला. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना तो अभ्यास टाकून परत यावें लागलें. चार वर्षांच्या आंत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी तेवढी विद्यापीठाकडून हातीं होती. बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना, व थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. १९१८ च्या नोव्हेंबरांत सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंतचा काळ अस्थिरतेंतच गेला. त्याच वर्षीं इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचा ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या संस्थानच्या पैशावर शिक्षण झालें, त्याच संस्थानच्या समितीच्या मतांची छाननी त्यांत भीड न धरतां केलेली आहे.

निबंधाचा पहिला विशेष असा कीं, दोन निराळे प्रश्न त्यांत निराळे केलेले आहेत. विखुरलेले तुकडे एकत्र करणें ही एक गोष्ट, आणि लहान जमीन मोठी करणें ही दुसरी. एकाचे पांच ठिकाणचे पांच तुकडे अदलाबदल करून एका जागीं आणले, तर त्याची हेलपाट वांचेल; पण त्याची जमीन एक गुंठाही वाढणार नाहीं. कायदा करूं पाहणारे मात्र एका श्वासांत दोहोंविषयीं बोलत असत, आणि पहिल्याच्या सोयी सांगून दुसऱ्याचे उपाय पुढें करीत असत.

मग किफायतशीर जमीन कोणती? कीटिंग यांचें म्हणणें असें कीं, जींतून खर्च वजा जातां शेतकऱ्याचें कुटुंब बऱ्यापैकीं सुखानें राहूं शकेल ती. बहुतेक वाचकांना हें पटलें असतें. आंबेडकरांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें. कुटुंबाला किती लागतें हें खाणाऱ्यांच्या बाजूचें माप झालें. जमीन किफायतशीर आहे कीं नाहीं हें पिकविण्याच्या बाजूनें ठरवावयास पाहिजे. जमीन, मजुरी आणि भांडवल ह्यांचें प्रमाण एकमेकांशीं बसतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. पाण्याखालची पांच एकर जमीन, सशक्त बैलजोडी आणि पुरेसें खत ज्याच्याजवळ आहे त्याची शेती किफायतशीर होईल. आणि वीस एकरांचा धनी थकलेल्या एका जोडीवर शेती करीत असेल, तर त्याची जमीन त्याला जड झालेली आहे असेंच म्हणावें लागेल. नुसत्या एकरांच्या आंकड्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. ह्याच विचारसरणीनें आंबेडकर एका चमत्कारिक वाटणाऱ्या निष्कर्षाला आले: येथील शेतकऱ्याजवळचीं अवजारें व जनावरें पाहिलीं, तर त्याची जमीन फार लहान नसून उलट फार मोठी आहे! उणीव जमिनीची नाहीं, भांडवलाची आहे.

मग जमिनीचे तुकडे कां पडतात? निबंधाचा गाभा येथें आहे. भाऊ जमीन वांटून घेतात तें कायदा सांगतो म्हणून नव्हे. जमिनीखेरीज पोट भरण्याचें दुसरें साधन नसतें म्हणून. ज्याला गिरणींत, दुकानांत किंवा कचेरींत चांगली रोजी आहे, तो अर्ध्या एकरासाठीं बांधावर भांडत बसणार नाहीं. शेतीवर जितकीं माणसें आहेत तितक्यांची शेतीला गरज नाहीं. वरचीं माणसें काम करतांना दिसतात, पण तीं गेलीं तरी पीक घटणार नाहीं. हे रिकामे हात उत्पन्नांत भर घालीत नाहींत, आणि खाणें मात्र कोणाचेंही थांबत नाहीं. अर्थशास्त्रांत ‘छुपी बेकारी’ हा शब्द पुढें १९३६ सालीं जोन रॉबिन्सन यांच्या लेखानें रूढ झाला. आर्थर लुईस यांचा अतिरिक्त मजुरीवरील प्रसिद्ध निबंध १९५४ सालचा. शब्द नव्हता तेव्हां ती वस्तु १९१८ च्या ह्या लेखांत स्पष्टपणें पाहिलेली आहे.

ह्यावरून उपायही निराळा निघतो. वांटणी बंद केली तर चार भावांपैकीं एकाला जमीन मिळेल आणि तीन भूमिहीन होतील. त्यांचें पोट मात्र बंद होणार नाहीं. ते त्याच गांवांत, त्याच शेतावर, मजूर म्हणून उभे राहतील. जमिनीवरचा भार कायद्यानें कमी होणार नाहीं. तो भार कोणाच्या खांद्यावर किती, एवढेंच बदलेल. आंबेडकरांच्या मतें खरा उपाय कारखानदारी वाढविणें हा होय. जादा माणसें उद्योगधंद्यांत गेलीं कीं भांडवल वाढेल, जमिनीची हांव ओसरेल, आणि मग जमिनी एकत्र करण्याला अर्थ येईल. क्रम उलटा केला तर हातीं कांहीं लागणार नाहीं. परकी सरकारच्या अमलांत हे कारखाने कोठून यावयाचे, ह्या प्रश्नाचें पुरतें उत्तर निबंधांत मिळत नाहीं, ही त्याची उणीव होय. परंतु प्रस्तुत कायदा बदलावा कीं नाहीं, एवढ्यापुरता त्याचा निकाल चोख आहे.

हा वाद कागदावर राहिला नाहीं. १९२७ सालीं सर चुनीलाल मेहता यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत लहान जमीनधारकांच्या हिताच्या नांवानें एक बिल आणलें. ठराविक मर्यादेखालीं जमिनीचे तुकडे पडूं देऊं नयेत व असलेले तुकडे एकत्र करावे, असा त्याचा हेतु होता. त्या वेळेपर्यंत आंबेडकर लंडनचा अभ्यासक्रम पुरा करून, डॉक्टर व बॅरिस्टर होऊन, सरकारनियुक्त सभासद म्हणून त्याच कौन्सिलांत बसले होते. १० ऑक्टोबर १९२७ रोजीं त्यांनीं बिलाला विरोध केला. विद्यार्थिदशेच्या शेवटीं मांडलेला मुद्दा त्यांनीं पुन्हां मांडला: क्षेत्र लहान म्हणून शेती तोट्याची ठरत नाहीं, आणि ह्या बिलानें माणसें मात्र जमिनीवरून निघतील. ह्या वेळीं त्यांनीं एक नवी सूचनाही केली. मालकी ज्याची त्याच्याकडे राहूं द्यावी. पण लहान तुकड्यांच्या मालकांना सहकारी शेतींत सामील करून कसणूक एकत्र करावी. बिलाला शेतकऱ्यांचाही कडवा विरोध झाला, आणि अखेर तें बारगळलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा केला. प्रत्येक भागासाठीं प्रमाणभूत क्षेत्र ठरवावें, त्याहून लहान तुकडा शेजारच्या शेतकऱ्याखेरीज कोणाला विकूं नये, आणि वांटणीनें नवा तुकडा पाडूं नये, असें त्यांत आहे. त्याच वर्षीं आंबेडकरांनीं घटनासमितीसाठीं लिहिलेल्या निवेदनांत शेती हा सरकारी मालकीचा उद्योग करावा व ती सामुदायिक रीतीनें कसावी, अशी मागणी केली. १९१८ च्या निबंधापासून हें पाऊल फार लांबचें आहे. तरी कसणुकीचा प्रश्न वारशाच्या कायद्यानें सुटत नाहीं, हा धागा दोहोंत एकच आहे.

नंतर कायदेमंत्री असतांना त्यांनीं हिंदु कोड बिल पुढें आणलें, तेव्हां मुलीला वांटा दिल्यास जमिनीचे तुकडे होतील, हा आक्षेप विरोधकांनीं घेतला. मुलगे कितीही असले तरी तुकड्यांची ही चिंता धर्माभिमान्यांना कधीं पडली नव्हती, हें येथें नमूद करावयास हरकत नाहीं. बिल रखडलें, आणि १९५१ सालीं आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलींना वांटा दिला. परंतु त्याच्या चौथ्या कलमांत एक पोटकलम असें घालण्यांत आलें कीं, शेतजमिनीचे तुकडे रोखणाऱ्या कायद्यांना ह्या कायद्यानें बाध येणार नाहीं. तें पोटकलम २००५ च्या दुरुस्तीनें निघालें. म्हणजे तुकड्यांचें निमित्त जवळजवळ पन्नास वर्षें कायद्याच्या पुस्तकांत टिकून राहिलें.

आणि १९४७ च्या कायद्याचें काय झालें? कागदावर तुकडा पडूं दिला नाहीं, तरी भाऊ शेतावर वेगळे झालेच. सातबाऱ्यावर नांवें सामाईक आणि बांधावर चुली निराळ्या, अशी स्थिति गांवोगांव दिसते. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें बहुतेक जिल्ह्यांसाठीं प्रमाणभूत क्षेत्र उतरवून बागाईत जमिनीला दहा गुंठे व जिराईत जमिनीला वीस गुंठे केलें. डॉ. मॅन यांचें पिंपळे सौदागर आतां पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे; तेथें एकरांऐवजीं चौरस फूट मोजतात, आणि कुणब्यांच्या नातवांना रोजी आसपासच्या कारखान्यांनीं व कचेऱ्यांनीं दिली. इतरत्र शेतीच्या शिरगणतीचे आंकडे बोलतात: महाराष्ट्रांत एका खातेदाराकडे १९७०-७१ सालीं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर राहिली. ह्या सबंध काळांत तुकडेबंदीचा कायदा अमलांत होता.