माळवदाखालच्या फळ्या आणि त्यांच्या फटी

मनमाडहून परभणीकडे येताना परभणीच्या अलीकडे पेडगाव हे लहानसे स्थानक लागते. माझे आजोळ या गावचे. चार वर्षांपूर्वी मामांनी वाड्याच्या माडीवरची माती काढली. खालून सागवानी फळ्या निघाल्या. त्यांना घासून पॉलिश करायचे ठरले, पण दोन फळ्यांमध्ये कुठे सुतळी, तर कुठे करंगळी जाईल एवढी फट. ‘लांबी भरून टाका’ असे जो तो सांगू लागला. माझा प्रश्न वेगळा होता : शंभर वर्षे या फटी कुणाला खुपल्या कशा नाहीत?

उत्तर माळवदाच्या रचनेत आहे. मराठवाड्यातले जुने घर खणांनी मोजतात. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. (ही माती गढीची सर्वांत चांगली. गावोगावच्या गढ्या निम्म्या झाल्या त्या शत्रूमुळे कमी आणि माळवदांमुळे जास्त.) म्हणजे फळी ही चालायची जमीन नव्हतीच. ती मातीचा पाट होती. फटीतून माती झरू नये एवढेच काम पाल्याकडे असे, आणि वरची भेग सारवणाने बुजे. सुताराला फळ्या काटेकोर सांधण्याची गरजच पडली नाही.

जिथे फट म्हणजे मरण, तिथे मात्र आपल्याच लोकांनी ही विद्या फार पुढे नेली होती. सुरत-मुंबईच्या जहाजबांधणीत एका फळीला खाच, दुसरीला जीभ ठेवून त्या अडकवीत आणि मध्ये राळ माखलेला कापूस घालीत. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले तेव्हा हे ज्ञान बरोबर घेऊनच आले. त्यांच्या घराण्याने बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले आणि ते सागवानी जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. सांधे भरणाऱ्या कारागिराला बंदरांत ‘कलपट्टी’ म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘कालाफाते’मध्ये दाखवले आहे. त्या सांध्यातला जिन्नस मऊ असे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण लाकूड हलते. सागवान इतर लाकडांच्या मानाने फार शहाणे. तरीही ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत, कापाप्रमाणे, अडीच ते पावणेसहा टक्के आकसते. पुढेही ते हवेबरोबर श्वास घेतच राहते. दहा इंच रुंद फळीच्या ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला तर तिची रुंदी दोन-अडीच मिलिमीटरने बदलू शकते. परभणीचा कोरडा वैशाख आणि ओला श्रावण यांच्यात एवढे अंतर सहज पडते. वैशाखात फटी सर्वांत रुंद दिसतात, म्हणून माणसाला तेव्हाच भरायची घाई होते. मग पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि कडक भरण उखडून वर येते, किंवा फळीच मध्ये उचलली जाते.

मामांकडे नेमके हेच व्हायचे होते. त्यांनी भुसा आणि फेविकॉल आणून ठेवला होता. सुतार म्हणाला, “मालक, आत्ता भरलं तर श्रावणात वर येईल. अन् वाळलेला गोंद पॉलिश पीत नाही, पांढरे डाग राहतील.” मामा रागावले. पाहुणे लग्नाला यायचे होते. शेवटी लग्न उघड्या फटींवरच झाले.

माडीवरची माती काढण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे ओझे यांनी ती मारली. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खणांचे लाकडी सांगाडे उभे राहिले. लोकांनी त्यातून धडा घेतला तो माळवद पाडण्याचा. सांगाडे मोडले, सागवान शहरांकडे गेले, आणि तेच आज महागड्या बंगल्यांत ‘जुने सागवान’ म्हणून जमिनीला बसते. मला हा व्यवहार बोचतो, पण भीती खोटी होती असे मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर, फळ्या ना फार फुगलेल्या ना आकसलेल्या असताना, सुतार परत आला. आधी फटीतली माती पातळ पत्र्याने खरवडली, खिळे आत ठोकले. करंगळीएवढ्या फटींत त्याने वाड्याच्याच मोडक्या कडीतून काढलेल्या सागवानी चिपा बसवल्या. सरस एकाच कडेला लावला, दुसरी कड मोकळी. मधल्या फटींत तेलात भिजवलेली सुतळी ठासली. सुतळीहून बारीक फटी त्याने तशाच ठेवल्या. मग घासकाम, त्यावर जवसाच्या तेलाचे तीन हात.

मामींनी पहिल्याच दिवशी विचारले, “एवढ्या बारीक फटी ठेवल्या, त्यात मुंग्या नाही का जायच्या?” सुतार म्हणाला, “जातील की, मामी. झाडू घ्या.”