इंद्रायणीकाठचे तेरा दिवस

देहूहून तुकोबांची पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. बाहेरच्या माणसांना याचं फार अप्रूप वाटतं. आमच्या घरात मात्र शेजारच्या घरची बातमी सांगावी तसं हे सांगितलं जाई. अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आकुर्डीचा मुक्काम आटोपून पालखी पुण्याकडे निघाली की ते रस्त्याकडेला माठ मांडून बसत. १९८७ साली कारखान्याला टाळं लागलं, त्या वर्षीही बसले. घरात साखर नव्हती, म्हणून सरबताऐवजी नुसतं पाणी.

त्या टाळ्याविषयी पुढे सांगतो. आधी तुकोबांविषयी, कारण वाट पाहणं म्हणजे काय, हे आमच्या या पट्ट्यात त्यांच्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

१६३० साली पाऊस पडला नाही. गुजरातपासून दख्खनपर्यंत अन्नान्नदशा झाली. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचं केलेलं वर्णन वाचवत नाही. पिठात हाडांचा भुगा मिसळून विकला जात होता, असं तो लिहितो. बादशहाने लंगर उघडले. पण देहूच्या वाण्यापर्यंत कुठला लंगर पोचणार? त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. म्हणजे आभाळही फिरलेलं आणि राजाही.

तुकोबांचं घर सावकारीचं, दुकानदारीचं. दुष्काळात दिवाळं निघालं, गावातली पत गेली. पहिली बायको अन्नाचा घोष करत गेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मुलगाही गेला. पुढे त्यांनी घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. मला नेहमी वाटतं, उपाशी मरणाऱ्या मुलखात वसुलीला जाणं त्यांच्याने झालं नसावं.

म्हणजे या नदीने तुकोबांचे कागद दोनदा घेतले. पहिल्यांदा त्यांनी आपणहून दिले. दुसऱ्यांदा द्यायला लावले. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी ठरवलं की शूद्राला असं लिहिण्याचा अधिकार नाही, आणि अभंगांच्या वह्या पाण्यात गेल्या. मग तुकोबा काठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवस. हा आकडा पुढच्या भक्तांनी घातलेला नाही. खुद्द तुकोबांच्या अभंगांत तो आहे, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंच्या रचनेतही आहे. वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. कागद पाण्यात कसा टिकला, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. मला त्यात रस नाही. माझा जीव त्या तेरा दिवसांत अडकतो.

कारण ते गप्प बसले नव्हते. त्या काळाशी जोडलेले अभंग वाचा. देवाशी केवढं भांडण आहे! आणि वह्या परत मिळाल्यावरचे अभंग तर मला त्याहून मोठे वाटतात. तिथे विजयाचा डंका नाही. मी तुझा अंत पाहिला, तुला उगाच शिणवलं, म्हणून हा माणूस देवाची माफी मागतो.

लहानपणी अम्मी आम्हांला याकूब नबींची गोष्ट सांगे. यूसुफ हरवल्यावर त्यांनी सब्र केला; पण रडून रडून डोळे पांढरे झाले. मी विचारी, "रडले तर सब्र कुठे राहिला?" ती म्हणे, "रडले अल्लाहसमोर. दुसऱ्या कुणाच्या दारात नाही रडले." तुकोबांचे ते अभंग कॉलेजात वाचले, तेव्हा मला अम्मी आठवली होती. ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याकडेच तक्रार.

रामेश्वर भटांच्या अंगाचा पुढे दाह झाला आणि तो तुकोबांच्या शब्दांनी शमला, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. हा दाह अनगडशाह फकिराच्या शापाने झाला म्हणतात. याच फकिराची दुसरी कथा मला अधिक आवडते. कधीच न भरणारा कटोरा घेऊन तो तुकोबांच्या दारी आला आणि त्यांच्या लेकीने चिमूटभर पीठ टाकताच कटोरा भरून वाहिला. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या माणसाच्या घरची चिमूट!

आता ते टाळं. अब्बांची एक वही होती. कामाचे जादा तास, थकलेला पगार, येणं रक्कम, सगळं उर्दू आकड्यांत. कारखाना पुन्हा सुरू होणार, अशी अफवा दर महिन्याला उठे. अब्बा धुतलेला कामाचा कोट घालून गेटवर जात आणि दुपारी परत येत. असं दीड वर्षं चाललं. अम्मीच्या बांगड्या गेल्या, माझं बी.ए. रात्री हमालीचा हिशेब लिहून झालं. टाळं निघालं ते यंत्रं विकायला. त्या वहीतल्या रकमेपैकी थोडीच हाती आली. अब्बांची वही नदीने परत दिली नाही, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. तुकोबांची गोष्ट सांगून कुणाला धीर देताना माझी जीभ इथे अडखळते.

एकदा रागाच्या भरात मी त्यांना म्हणालो, "एवढी नमाज पढून काय मिळालं, अब्बा?" ते माठ घासत होते. म्हणाले, "मिळण्यासाठी पढत होतो, असं तुला कुणी सांगितलं?" आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "भांडलो मी पण. रोज पहाटे भांडलो. तू झोपलेला असायचास."

तुकोबांची ती शिळा आता देहूला मंदिरात आहे. २०२२ साली नवं शिळामंदिर झालं. इंद्रायणीच्या पलीकडे भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा एकांताला जात. तिथून आज चाकणचे कारखाने दिसतात. पाळी सुटली की फाटकातून बाहेर पडणारी कंत्राटी पोरं पाहिली, की त्यांच्यापैकी कुणाच्या खिशात तसली वही असेल, असं मनात येतं.

अब्बांचा माठ माझ्याकडे आहे. आषाढीच्या वारीत तो रस्त्याकडेला ठेवतो. साखर आता घालतो.