पाण्यातला उजेड : बुतांच्या पिंपापासून ताम्हिणीच्या डोहापर्यंत

मागच्या वेळी आपण छायाचित्राला पुरावा मानावं का, यावर बोललो. आज त्याच विषयाची एक बारीक बाजू घेऊ. जरा ओली बाजू आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ताम्हिणीला गेलो होतो. बरोबर आमचा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्याकडे पाण्यात चालणारा कॅमेरा होता, म्हणजे कॅमेरा साधाच, पण हाउसिंगमध्ये, जलरोधक पेटीत बसवलेला. पाऊस सरून दोन-तीन महिने झाले की तिथल्या ओढ्यांचे डोह निवळतात, वरून पाहिलं तर तळाचा गोटा न गोटा दिसतो. त्याने बोटाएवढ्या माशांचे फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. पाहतो तर काय, माशांवर बर्फ पडतंय!

हे बर्फ म्हणजे पाण्यातले कण. आपल्याला ते दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. तो पेटला की प्रत्येक कण उजळतो आणि उजेड सरळ भिंगात परततो. पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून गाडी चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यातला दिवा गाडीला खाली बसवतात, आणि पाण्यातला फ्लॅश लांब दांडीवर, बाजूला. यालाच ही मंडळी स्ट्रोब म्हणतात.

आता आमची खोड म्हणा, आम्हाला तिथे न्यायदर्शन आठवलं. नैयायिक डोळ्याला तैजस मानतात. डोळ्यातून किरण निघतो, वस्तूपर्यंत जातो, तेव्हा ज्ञान होतं. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकतात, हा त्यांचा दाखला. काच, अभ्रक, स्फटिक यांच्या आडचं कसं दिसतं, हा प्रश्नही न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात घेतलेला आहे. हाउसिंगची काच त्यांनी पाहिली असती तर वाद रंगला असता! आधुनिक विज्ञानाने हा किरण मोडीत काढला. पण कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश नेमका तेच करतो, डोळ्यातूनच उजेड फेकतो. आणि पाण्यात तेच अंगाशी येतं.

आता इतिहास. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम थॉमसनने वेमथच्या उपसागरात पेटीतला कॅमेरा दोरीने सोडून फोटो घेतला, तो वरून येईल तेवढ्या उजेडावर. खरी झटापट फ्रान्समध्ये झाली. बान्यूल्स इथल्या प्रयोगशाळेत लुई बुतां हा प्राणिशास्त्रज्ञ होता. १८९३ मध्ये तो कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला. पेटी त्याच्या भावाने आखून दिलेली. पण खाली उजेड कुठला? पाणी आधी तांबडा रंग गिळतं, दहा मीटरवर सगळं निळं-हिरवं. मग शोफूर नावाच्या विद्युत-अभियंत्याने प्राणवायू भरलेल्या काचपात्रात मॅग्नेशियमची तार विजेने पेटवून दिली. ते पात्र कधी कधी फुटायचं. शेवटी बुतांने दोनशे लिटरचं पिंप घेतलं, त्यावर काचेखाली स्पिरिटचा दिवा ठेवला आणि रबरी फुग्याने ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकली. पिंपातली हवा ज्योतीला पुरायची. म्हणजे दिवा पाण्यात, पण श्वास घेऊन! कॅमेरा आणि उजेड यांची गाठ तिथे माणसाच्या हातानेच पडायची. १८९९ मध्ये त्याने पाण्याखालचे विजेचे आर्क दिवे वापरले, १९०० साली पुस्तक लिहिलं.

१९२६ मध्ये लाँगली हा मत्स्यशास्त्रज्ञ आणि मार्टिन हा छायाचित्रकार फ्लोरिडाच्या समुद्रात रंगीत फोटो काढू लागले. त्यांनी मॅग्नेशियमची पूड तराफ्यावर, पाण्याच्या वर ठेवली. कॅमेऱ्याचं शटर उघडलं की बॅटरीने वर भडका उडे. आमच्या मते ही या गोष्टीतली मोठी उडी आहे. उजेड आणि डोळा वेगळे झाले, तरी एकमेकांना बांधलेले राहिले. पुढे एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने विजेचा क्षणिक फ्लॅश घडवला, आणि १९५३ पासून कूस्तोच्या मोहिमांवर तो पाण्यात नेला. १९६३ मध्ये निकॉनॉस हा पेटीशिवाय पाण्यात चालणारा कॅमेरा आला. १९८४ च्या त्याच्या पाचव्या रूपातल्या पाच टाचण्यांच्या जोडणीचा घाट आजही कित्येक हाउसिंगवर भेटतो.

बरं, या जोडणीत दोन पंथ आहेत. एक तारेचा. शटर उघडताच तारेतून इशारा जातो. पण तारेच्या तोंडाशी रबरी कडं असतं, त्यावर एक केस राहिला तरी पाणी शिरतं आणि टाचण्या गंजतात. दुसरा पंथ प्रकाशतंतूचा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश पेटीच्या आतच चमकतो, त्याची चमक तंतूतून स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत जाते आणि स्ट्रोब पेटतो. पेटीला भोक पाडायची गरज नाही. मात्र छोट्या फ्लॅशचा उजेड पाण्यात सांडू नये म्हणून त्याच्यासमोर काळा पडदा लावावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्याकडे हा तंतूच होता. दुपारी त्याने स्ट्रोब जोडला. स्ट्रोब झगझगीत पेटला, आम्ही काठावरून पाहिला, आणि फोटो काळेकुट्ट! दहा-बारा वेळा तेच. मग उलगडा झाला. आजचे कॅमेरे उजेडाचा अंदाज घ्यायला खऱ्या चमकीआधी एक चाचणीची चमक सोडतात. बिचारा स्ट्रोब त्या चाचणीलाच खरं मानून पेटत होता, आणि शटर उघडेपर्यंत विझलेला असायचा. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर केला, चाचणी बंद झाली, मासे आले. आणि तांबूस पोटाचे आले! तो रंग सकाळी नव्हताच.

तेवढ्यात गावातले एक आजोबा येऊन बसले होते. पडदा पाहून म्हणाले, "ह्यात आमचं जुनं गाव दिसंल का?" मंडळी, मुळशीच्या पाण्याखाली गावं आहेत. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात होते. धरण झालं. ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि १९२७ पासून त्यातून वीज निघते. या पाण्याने मुंबईत दिवे लावले, आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून पाण्यात दिवा कसा लावावा यावर डोकं खाजवत होतो.

विद्यार्थ्याने खरं तेच सांगितलं. स्ट्रोबचा उजेड पाण्यात दीड-दोन मीटरच कामाचा. जलाशयात बुडी मारायची तर परवानगी लागते, आणि तळाशी शंभर वर्षांचा गाळ. गाळात दांडी कितीही बाजूला नेली तरी बर्फच दिसणार.

आजोबांनी स्ट्रोब हातात घेतला, जोखून पाहिला. "मग एवढं वझं कशाला आणलंत?" म्हणाले. विद्यार्थ्याने त्यांना माशाचा फोटो पुन्हा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि त्या माशाचं नाव सांगितलं.