हैतीचा भूकंप आणि लोकांची भाषा

संगणकाच्या साहाय्याने असंख्य अपरिचित माणसांनी एकाच लोककार्याला हातभार लावावा, ही पद्धती गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. तिचा इतिहास सांगताना बहुधा यंत्राचीच थोरवी गायिली जाते. हैतीच्या भूकंपाचा इतिहास मात्र निराळा बोध देतो.

हैती हा गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश होय. तेथील सर्वसामान्य जनतेची भाषा क्रेओल. परंतु शासन, न्यायालय व शिक्षण यांचा व्यवहार दीर्घकाळ मूठभरांना अवगत असलेल्या फ्रेंचमध्येच चालला. क्रेओलला राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९८७ चे संविधान यावे लागले.

१२ जानेवारी २०१० रोजी भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. काही दिवसांतच भ्रमणध्वनीवरून ४६३६ या क्रमांकावर विनामूल्य संदेश पाठविण्याची सोय करण्यात आली. कोणी ढिगाऱ्याखाली अडकलेला, कोणी पाण्यावाचून तळमळणारा, असे हजारो संदेश येऊ लागले. ते प्रामुख्याने क्रेओलमध्ये होते आणि बहुतेक परदेशी मदत पथकांना ती भाषा येत नव्हती. शिवाय पत्ता म्हणून अनेकदा वस्तीचे बोलीतले नाव किंवा जवळची खूण एवढेच दिलेले असे.

अशा वेळी परदेशी राहणारे हैतीचे लोक पुढे आले. प्रत्येकाने एकेक संदेश घ्यावा, त्याचा अनुवाद करावा, स्थान निश्चित करावे व तो पुढे पाठवावा, अशी कामाची विभागणी होती. शासनव्यवहारात जिला शतकानुशतके स्थान नव्हते, तीच भाषा जाणणारी माणसे येथे अपरिहार्य ठरली.

याच सुमारास, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून राजधानीचे रस्ते रेखाटले. अल्पावधीत तयार झालेला हा नकाशा मदत पथकांनी वापरला. परंतु आकाशातून रस्ता दिसतो, त्याचे नाव दिसत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिसिंग मॅप्स या उपक्रमाने म्हणूनच कामाची विभागणी केली: दूरच्यांनी रेखाटन करावे आणि स्थानिकांनी नावे व तपशील भरावेत.

या कार्यातील उणिवाही नोंदविणे आवश्यक आहे. संकटग्रस्तांचे संदेश सार्वजनिक नकाशावर मांडल्याने त्यांची ओळख उघड होण्याचा धोका होता. संदेश पोहोचला म्हणजे मदत पोहोचलीच, असेही नव्हते.

तात्पर्य, लोकहितासाठी अशी व्यवस्था रचणाऱ्याने प्रथम विचारावे की, पीडिताला स्वतःच्या भाषेत बोलता येते काय, आणि त्याचे ज्ञान व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आहे काय? ज्यांच्यासाठी कार्य चालते, त्यांना केवळ दयेचे पात्र न मानता कार्याचे भागीदार मानणे, यातच त्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.