वेग बरा आहे ना?

मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री माणसाला काय होतं, हे कळायला शर्यत धावावीच लागते असं नाही. बँकेत ऑडिटच्या आदल्या रात्री जे होतं, तेच. पोटात गोळा येतो, झोप उडते आणि जन्मात कधी न दुखलेला गुडघा अचानक ठणकू लागतो. त्यातून मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. ४२ हे मुद्दल, १९५ मीटर हे व्याज. आणि कर्जदाराला धास्ती असते ती व्याजाचीच!

आम्हां कॉमर्सवाल्यांच्या लेखी इतिहास म्हणजे मागील शिल्लक. ती पुढं ओढल्याशिवाय आजचा हिशेब लागत नाही. तेव्हा या धास्तीचा ताळा करायचा तर एमिल झाटोपेकचं खातं उघडावं.

हा गडी चेकोस्लोव्हाकियातला. झ्लीन गावी बाटाच्या कारखान्यात कामाला. (होय, तेच बाटा, ज्यांचे बूट घालून आपण शाळेत गेलो.) १९४१ साली, एमिल १८ वर्षांचा असताना, कारखान्यानं त्याला शर्यतीत धावायला फर्मावलं. त्यानं काय करावं? तुम्हीआम्ही करतो तेच. म्हणाला, मला बरं नाही. रवानगी डॉक्टरकडं. आपल्याकडं डॉक्टर आजारी असल्याचं सर्टिफिकेट देतात; त्याच्या डॉक्टरनं ठणठणीत असल्याचं दिलं! बिचारा झक मारत धावला आणि शंभर जणांत दुसरा आला.

पुढं १९५२ साली हेलसिंकीचं ऑलिंपिक भरलं. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं, तेच. तिथं एमिलनं दहा हजार आणि पाच हजार मीटर, दोन्ही सुवर्णपदकं मारली. आता शहाण्या माणसानं घरी जावं की नाही? पण आयुष्यात एकही मॅरेथॉन न धावलेला हा गृहस्थ मॅरेथॉनला उभा राहिला.

नवा कॅशियर पहिल्या दिवशी शेजारच्या जुन्या माणसावर नजर ठेवून नोटा मोजतो, तसंच त्यानं केलं. त्या मेळ्यात जाणता म्हणजे इंग्लंडचा जिम पीटर्स. दीडच महिन्यापूर्वी त्यानं २ तास २० मिनिटं ४२ सेकंद अशी जगातली सर्वोत्तम वेळ दिली होती. एमिलनं त्याला गाठून ओळख करून घेतली आणि त्याच्याच मागं लागला. वाटेत त्याला विचारलं म्हणतात, "वेग बरा आहे ना?" पीटर्स आतून दमलेला, पण तोऱ्यात म्हणाला, "छे! फारच कमी." एमिलनं ते खरं मानलं आणि वेग वाढवला! पीटर्सच्या पायात गोळे आले, ३२ किलोमीटरच्या सुमारास त्यानं शर्यत सोडली. एमिल २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत पहिला. दुसरा आला तो अडीच मिनिटांनी.

मला वाटतं, धास्ती दोघांनाही असणार. नवख्याला नवखेपणाची, जाणत्याला नावाची. एकानं ती सरळ विचारून टाकली, दुसऱ्यानं ऐटीखाली झाकली. झाकलेली धास्ती पायांना बरोबर सापडते.

२००४ साली मुंबईतही मॅरेथॉन सुरू झाली. आमच्या शाखेतले दोघंतिघं त्या नादाला लागलेत आणि आदल्या दिवशी कॅश मोजताना त्यांचे हात थरथरतात. त्यांना मी एवढंच सांगतो : बाबांनो, पोटातला गोळा लपवू नका. शेजारच्याला खुशाल विचारा. फक्त उत्तर देणाऱ्याला धाप लागलीय का, तेवढं बघून घ्या!