पाण्याखालचा नकाशा

१९६९ साली डेहराडूनला हवाई छायाचित्रे वाचणाऱ्यांची भारतीय संस्था निघाली. पुढे उपग्रह आले, तेव्हा तिने आपल्या नावात ‘दूरसंवेदन’ घेतले. उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ पाणी काळपट दिसते, कारण ते प्रकाश फारसा परतवीत नाही. मुळशीचा जलाशयही तसाच दिसतो. पण १९२१ साली याच जमिनीसाठी मावळे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले होते. टाटांच्या वीजयोजनेचे धरण झालेच; शेते बुडाली, गावे उठली. ती उपग्रहाला कशी दिसणार? ती आहेत जुन्या मोजणीच्या नकाशांत आणि घरोघरच्या सांगण्यात. गुरुजी, मुलांना घरी विचारायला लावा आणि ती नावे नव्या नकाशावर लिहून घ्या. मोजणी पुरी व्हायची ती तेव्हाच!